मिशिगनकडून हरूनही विजेता: ओहायो स्टेटच्या २०२४ च्या मोसमाची गोष्ट

३० नोव्हेंबर २०२४. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाचं स्टेडियम लाखाहून अधिक माणसांनी भरलं होतं. समोर मिशिगन विद्यापीठाचा संघ, खेळ अमेरिकन फुटबॉल. त्या वर्षी मिशिगनची अवस्था बरी नव्हती: सहा विजय, पाच पराभव. ओहायो स्टेट वीसेक गुणांनी सहज जिंकेल, असा सगळ्यांचा हिशेब. पण सामना संपला तेव्हा फलकावर होतं मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यभागी आपला झेंडा रोवायला घेतला, त्यावरून दोन्ही संघांत हाणामारी जुंपली आणि पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. मिशिगनविरुद्धचा हा सलग चौथा पराभव. प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका, ही मागणी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

एक्कावन्न दिवसांनी, २० जानेवारी २०२५ ला, अटलांटामध्ये हाच संघ देशाचा विजेता झाला. प्रशिक्षकही तेच होते.

आपल्याकडची कितीतरी मुलं एम. एस. साठी अमेरिकेत जातात, तिथून विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून स्टेडियममधले फोटो पाठवतात. इकडे आईवडिलांना प्रश्न पडतो की कॉलेजच्या मॅचला एवढी गर्दी कशाला? आणि घरच्या मैदानावर, तेही पडत्या संघाकडून हरलेली टीम राष्ट्रीय विजेती कशी होते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की पहिल्याचंही आपोआप मिळतं.

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. नावात फुटबॉल असलं तरी चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये किमान दहा यार्ड पुढे सरकलात तर नवे चार डाउन, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते ना, इथे तिसऱ्या डाउनला तसाच ताण असतो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण. तेवढं जमण्यासारखं नसेल तर खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण, त्याला म्हणायचं फील्ड गोल. या सगळ्याचा सूत्रधार क्वार्टरबॅक. प्रत्येक डाउनला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो फेकायचा, धावणाऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. आणि ते सेकंद त्याला मिळावेत म्हणून त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. टीव्हीवर त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण ओहायो स्टेटच्या मोसमात त्या भिंतीला फार महत्त्व आहे.

आता खरी गुंतागुंत. कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या स्तरावर २०२४ मध्ये देशभरातल्या विद्यापीठांचे १३४ संघ होते. प्रत्येक संघ ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत फक्त बारा सामने खेळतो, बहुतेक शनिवारी. अंगावर अंग आदळण्याचा खेळ असल्यामुळे आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शरीराला झेपत नाही. आता हिशेब करा: १३४ संघ आणि प्रत्येकाचे बाराच सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. विजयांची संख्या मोजावी तर एकाने बारा बलाढ्यांशी झुंज दिलेली असते आणि दुसऱ्याने बारा दुबळ्यांना लोळवलेलं असतं. म्हणजे गुणतक्ता काढून विजेता ठरवायची सोयच नाही. या खेळातले सगळे वाद, सगळी कडवट भांडणं या एका अडचणीतून आलेली आहेत.

त्यावर पहिला उपाय होता माणसांना विचारण्याचा. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन संघांची क्रमवारी लावते. पुढे प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी आली. दोघांचं जमलं नाही की देशाला दोन विजेते. १९९७ मध्ये तसंच झालं: पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. मग १९९८ पासून पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना ठेवू लागले. २०१४ पासून निवड समितीने चार संघ निवडायचे, त्यांची उपांत्य आणि अंतिम फेरी. पण चारच जागा असल्या की पाचव्याचं रडणं ठरलेलंच. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने नेहमीचे बारा आणि आपल्या गटाचा अंतिम असे तेरा सामने जिंकले, एकही हरला नाही, तरी त्यांना वगळलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी होता आणि समितीच्या मते त्याच्याशिवाय तो संघ पूर्वीसारखा राहिला नव्हता. सगळे सामने जिंकलेल्या मुलांना घरी बसवणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

या चार संघांच्या पद्धतीत पराभवाची किंमत भयंकर होती. दहा वर्षांत दोन पराभव पदरी असलेल्या एकाही संघाला त्या चारांत जागा मिळाली नाही. म्हणजे सप्टेंबरमधली एक चूक आणि ऑक्टोबरमधली दुसरी, की संपला मोसम.

२०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. ओहायो स्टेटची गोष्ट नेमकी त्या पहिल्या वर्षाची आहे.

या संघाची बांधणीही जुन्या काळात शक्य झाली नसती. पूर्वी विद्यार्थी-खेळाडूला शिष्यवृत्ती मिळायची, खेळाच्या जोरावर वेगळी कमाई करायला बंदी होती, आणि विद्यापीठ बदललं तर साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये दोन्ही बंधनं सुटली. खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर, प्रसिद्धीवर पैसे कमावता येऊ लागले आणि वर्ष न गमावता संघ बदलता येऊ लागला. ओहायो स्टेटने याचा पुरेपूर फायदा घेतला. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आला, बचावातला केलेब डाउन्स अलाबामातून, धावणारा क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीतून. आक्रमणाची आखणी करायला चिप केली आले, तेही यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून. या संघातल्या खेळाडूंवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं. त्या वेळच्या दराने ते साधारण १७० कोटी रुपये होतात.

एवढा पैसा येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. देणगीदार माजी विद्यार्थी, तिकिटं आणि मुख्य म्हणजे टीव्ही. बहुतेक संघ गटागटांत विभागलेले असतात, आणि ओहायो स्टेट ज्या गटात खेळतं त्याचं नाव बिग टेन. नाव दहाचं, पण संघ अठरा. या गटाने २०२३ पासूनच्या सात वर्षांसाठी वाहिन्यांशी केलेले करार सात अब्ज डॉलरहून मोठे आहेत. त्या पैशाच्या ओढीने पॅसिफिक किनाऱ्याजवळची ओरेगनसारखी विद्यापीठंही २०२४ मध्ये या गटात आली, म्हणजे गटातला सामना खेळायला तीन हजार किलोमीटरहून जास्त विमानप्रवास. अभ्यास करणाऱ्या मुलांना एवढं फिरवणं मला पटत नाही.

पण सगळं पैशावर टाकून मोकळं होणं या संघावर अन्याय करणारं आहे. जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआउ, एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन ही २०२१ मध्ये दाखल झालेली मुलं. तीन वर्षं झाल्यावर त्यांना व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये जाता आलं असतं. पण मिशिगनकडून तीन वेळा हरून जायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ती चौथ्या वर्षासाठी थांबली.

मोसमाची सुरुवात रोलर फिरवल्यासारखी झाली. अ‍ॅक्रनला ५२-६, वेस्टर्न मिशिगनला ५६-०. पहिले पाचही सामने जिंकले, त्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

१२ ऑक्टोबरला ओरेगनच्या मैदानावर पहिला धक्का बसला. शेवटचे दहा सेकंद उरले होते, ओरेगन ३२-३१ ने पुढे. एक फील्ड गोल आणि सामना ओहायो स्टेटचा. त्या क्षणी ओरेगनच्या बाजूने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरले. चेंडू फेकला गेला, कुणाला मिळाला नाही. बारा खेळाडूंबद्दल ओरेगनला पाच यार्डांचा दंड झाला, पण त्या खटपटीत चार सेकंद निघून गेले, ते परत मिळाले नाहीत. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला आणि फील्ड गोलच्या टप्प्यात येण्यासाठी खाली घसरला तोवर घड्याळ शून्यावर आलं. हा प्रकार एवढा गाजला की काही दिवसांत नियमाचा अर्थच बदलण्यात आला: अशा वेळी वाया गेलेले सेकंद घड्याळात परत टाकता येतील.

त्याच सामन्यात दुसरी गोष्ट घडली, ती जास्त घातक होती. भिंतीतला डावीकडचा टोकाचा गडी जॉश सिमन्सचा गुडघा गेला, तो मोसमभर बाहेर. ही जागा सगळ्यात नाजूक, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ तिकडे असते. नोव्हेंबरमध्ये भिंतीच्या मधोमध उभा राहणारा सेथ मॅक्लॉफलिनही जायबंदी झाला. डोनोव्हन जॅक्सनला त्याच्या नेहमीच्या आतल्या जागेवरून डाव्या टोकाला हलवलं होतं. तेवढ्या डागडुजीवरही त्यांनी पेन स्टेटला २०-१३ आणि तोवर अपराजित असलेल्या इंडियानाला ३८-१५ असं हरवलं.

आणि मग मिशिगन. हा सामना म्हणजे ओहायो स्टेटच्या लोकांसाठी काय असतो हे सांगायला मला कोल्हापूर आठवतं. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम उतरली की जी ईर्षा पेटते, तिथे स्पर्धा कुठली आणि फेरी कुठली याला अर्थ उरत नाही. इथे तर शंभराहून अधिक वर्षांची ईर्षा आणि मागे दोन अख्खी राज्यं. अमेरिकेत या लढतीला नुसतं ‘द गेम’ म्हणतात, बाकी ओळख लागत नाही.

त्या दिवशी ओहायो स्टेट हरलं ते मुख्यतः हट्टामुळे, असं माझं मत आहे. मिशिगनच्या बचावाची ताकद होती मधोमध. ओहायो स्टेटची भिंत कमजोर झाली होती तीही मधोमध. आणि ओहायो स्टेटने पुन्हा पुन्हा चेंडू दिला मधून धावणाऱ्याला. बाहेरच्या बाजूला एगबुका होता, आणि जेरेमाया स्मिथ होता. स्मिथ पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, पण त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम झेल घेणाऱ्यांत त्याची गणना होते. त्यांच्याकडे चेंडू पुरेसा गेलाच नाही. जणू मिशिगनला त्यांच्याच बलस्थानावर हरवून तीन वर्षांचा वचपा काढायचा होता. हॉवर्डच्या दोन फेकी मिशिगनने पकडल्या, फील्ड गोलचे दोन प्रयत्न हुकले, आणि ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने जवळून तीन गुण घेतले.

जुन्या पद्धतीत गोष्ट इथे संपली असती. नव्या पद्धतीतही ओहायो स्टेटला गटाच्या अंतिम सामन्यात जागा मिळाली नाही. तो ओरेगन आणि पेन स्टेट खेळले, ओरेगन जिंकलं. पण बारा जागांची वाटणी अशी होती: सर्वात वरच्या क्रमांकाच्या पाच गटविजेत्यांना थेट प्रवेश आणि उरलेल्या सात जागा तेरा सदस्यांच्या समितीच्या पसंतीने. समितीने ओहायो स्टेटला सहावा क्रमांक दिला. दोन पराभव होते, पण पेन स्टेट आणि इंडियाना या बाद फेरीत आलेल्या दोन संघांना त्यांनी हरवलं होतं, हे वजन त्यांच्या बाजूला पडलं.

इथे एक विचित्र कलम होतं. पहिली चार मानांकनं फक्त गटविजेत्यांना, आणि त्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. त्यामुळे क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉइसी स्टेटला तिसरं मानांकन मिळालं, बाराव्या अ‍ॅरिझोना स्टेटला चौथं, आणि सहाव्या ओहायो स्टेटला ढकलून आठवं. याचा फटका बसला ओरेगनला. एकही सामना न हरता पहिल्या क्रमांकावर आलेल्या ओरेगनच्या वाट्याला पहिल्याच सामन्यात आठवं मानांकन आलं, म्हणजे प्रत्यक्षात देशातला सर्वात धोकादायक संघ.

२१ डिसेंबरला पहिली फेरी, घरच्या मैदानावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत टेनेसीशी. तीन आठवड्यांपूर्वीचं दुःख एवढं ताजं होतं की बऱ्याच यजमान प्रेक्षकांनी तिकिटं विकून टाकली आणि स्टेडियममध्ये टेनेसीचा नारिंगी रंग जिकडेतिकडे दिसत होता. पण संघ बदललेला होता. चेंडू आता बाहेर, स्मिथकडे, लांबवर जाऊ लागला. ४२-१७. नववर्षाच्या दिवशी कॅलिफोर्नियात रोझ बोल स्टेडियममध्ये ओरेगन समोर आलं. तिसऱ्याच खेळीला स्मिथने ४५ यार्डांचा टचडाउन केला आणि दुसऱ्या सत्रात फलक होता ३४-०. शेवटी ४१-२१. जाता जाता सांगतो, पुढे चाल मिळालेले चारही संघ त्या वर्षी आपला पहिलाच सामना हरले. पुढच्या वर्षी ते मानांकनाचं कलम रद्द झालं.

उपांत्य फेरी टेक्ससविरुद्ध. टेक्ससने स्मिथला जखडून ठेवलं, अख्ख्या सामन्यात एकच झेल. तरी ओहायो स्टेट २१-१४ ने पुढे, आणि शेवटच्या काही मिनिटांत टेक्सस टचडाउनच्या रेषेपासून अवघ्या एका यार्डावर. चार डाउन हातात. पहिल्यात काहीच मिळालं नाही. दुसऱ्यात त्यांनी धावणाऱ्याला बाजूने पाठवलं, त्याला सात यार्ड मागेच पकडलं. तिसऱ्यात फेक वाया. चौथ्याला जॅक सॉयर टेक्ससच्या भिंतीला वळसा घालून क्वार्टरबॅक क्विन यूअर्सवर धडकला, चेंडू त्याच्या हातून उडवला, तो स्वतःच झेलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. यूअर्स २०२१ मध्ये काही महिने ओहायो स्टेटमध्येच होता आणि तिथे त्याचा खोलीतला सोबती होता हाच सॉयर. ती धाव मी कितीदा पाहिली असेल, मोजलेलं नाही.

अंतिम सामना नोटर डेमशी. त्यांचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन स्वतः एकेकाळी ओहायो स्टेटकडून खेळलेले. नोटर डेमने सुरुवातीलाच चेंडू जवळपास दहा मिनिटं आपल्याकडे ठेवून टचडाउन केला. त्यानंतर मात्र हॉवर्डने सुरुवातीच्या सलग तेरा फेकी अचूक घातल्या आणि तिसऱ्या सत्रात ३१-७ झालं. नोटर डेम झुंजत ३१-२३ पर्यंत आलं. शेवटच्या तीन मिनिटांत ओहायो स्टेटपुढे तिसरा डाउन, अकरा यार्ड हवे. सावधपणे चेंडू धावणाऱ्याच्या हातात देऊन घड्याळ चालू ठेवायची ती वेळ होती. त्याऐवजी हॉवर्डने उंच, लांब फेकला, आणि स्मिथने ५६ यार्डांची कमाई केली. मिशिगनविरुद्ध जे धाडस झालं नव्हतं ते इथे झालं. मागोमाग फील्ड गोल, ३४-२३. सोळा सामने, चौदा विजय, दोन पराभव.

आता बारा संघांच्या या पद्धतीवर जुन्या जाणत्यांचा एक आक्षेप आहे: घरच्या मैदानावर परंपरागत वैऱ्याकडून हरूनही विजेतेपद मिळत असेल, तर त्या लढतीला काय अर्थ राहिला? आक्षेप समजण्यासारखा आहे. तरी मी नव्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण फ्लोरिडा स्टेटसारखं मैदानाबाहेर मरण कुणाच्या वाट्याला येऊ नये. आणि मिशिगनच्या लढतीचा अर्थ कुठे गेला नाही, याचा पुरावा ओहायो स्टेटमध्येच आहे. तिथे १९३४ पासून एक प्रथा आहे. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला इवलीशी सोनेरी विजार मिळते, गळ्यात घालायच्या पदकासारखी. ‘तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात’, असं त्या वेळचे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट मिशिगनबद्दल म्हणाले होते, त्यावरून ती आली. ती दुसऱ्या कुठल्याही विजयाने मिळत नाही, राष्ट्रीय विजेतेपदानेही नाही.

२९ नोव्हेंबर २०२५ ला ओहायो स्टेटने मिशिगनला त्यांच्या घरी २७-९ असं हरवलं. स्मिथ आणि डाउन्स त्या संघात होते. सॉयर आणि हॉवर्ड तोवर पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघात गेले होते, एगबुका टॅम्पा बेमध्ये. चार वर्षं थांबलेल्या त्या मुलांकडे विजेतेपदाची अंगठी आहे, विजार नाही.